जिताडा गरवताना : दोरा, लीडर आणि गाठी

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेवटी दिली आहेत.)



विषय वाचून काही जणांच्या मनात आलं असेल की दोऱ्यावर तासभर काय बोलणार? पण बघा, दुकानात गेल्यावर आपण रॉड निवडायला अर्धा तास घालवतो, रील निवडायला त्याहून जास्त, आणि दोऱ्याची वेळ आली की म्हणतो, ‘द्या एक बंडल, चांगलं बघून.’ खरं तर तुम्ही आणि मासा यांच्यामध्ये शेवटी फक्त दोराच असतो. रॉड मोडून मासा गेला असं क्वचित घडतं. दोरा तुटून किंवा गाठ सुटून मासा गेला, असं इथे बसलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत घडलेलं आहे.

आणि ‘मासा गेला’ म्हणताना आपण फक्त आपलं नुकसान मोजतो. तो मासा तोंडात तीन तोंडांचा गळ आणि मागे वीस मीटर दोरा घेऊन गेलेला असतो. तो दोरा तिवरांत अडकला की मासा तिथेच खिळतो. म्हणून योग्य दोरा आणि नीट मारलेली गाठ हा केवळ हौसेचा भाग नाही, जबाबदारीचाही आहे. आज जे सांगणार आहे ते हे लक्षात ठेवून ऐका.

बास म्हणजे नेमका कोणता मासा?

आपल्याकडचे नवे गरवणारे बहुतेक सगळं इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून शिकतात, आणि त्यांतले बरेचसे अमेरिकेतल्या बास फिशिंगचे असतात. आता आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात. गोव्यात तो चणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. नावात बास आहे म्हणून तिथला सल्ला इथे चालेल असं वाटतं. पण अमेरिकेचा लार्जमाउथ बास वेगळ्या कुळातला आहे आणि जिताडा वेगळ्या. सवयी वेगळ्या, पाणी वेगळं, आणि वजन तर फारच वेगळं.

एक आकडा सांगतो. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी केला. मासा होता २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे साधारण दहा किलोंचा. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. म्हणजे दहा किलो ही त्या माशाची जगातली कमाल. जिताडा दहा किलोंचा मिळाला तर आपण खूश होऊ, गावात चर्चा होईल, पण विक्रमबिक्रम नाही. तो त्याच्या कितीतरी पट वाढू शकतो. तेव्हा तिकडचा माणूस ‘आठ पौंडांचा लीडर पुरतो’ म्हणतो, तेव्हा तो त्याच्या माशासाठी आणि त्याच्या तळ्यासाठी बरोबर असतो. आपल्या खाडीसाठी नसतो.

तिकडे ते काय करतात हेही समजून घ्या, कारण त्यामागची कारणं शिकण्यासारखी आहेत. दाट पाणवनस्पतीत गरवताना ते पन्नास-पासष्ट पौंडांचा ब्रेडेड दोरा वापरतात आणि लीडर न लावता सरळ गळाला बांधतात. का? तर वनस्पती मऊ असते, ब्रेडेड दोरा ती कापत जातो, आणि त्या गर्दीत माशाला दोरा दिसण्याची भीती कमी. उलट स्वच्छ, नितळ तळ्यात ते दहा पौंडांचा बारीक ब्रेडेड आणि पुढे सहा-आठ पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर लावतात. पाण्याच्या पृष्ठभागावर नाचवायचं आमिष असेल तर फ्लोरोकार्बन टाळतात, कारण तो बुडतो आणि आमिषाचं नाक खाली ओढतो. म्हणजे तिथेही एकच उत्तर नाही. पाणी कसं, आडोसा कशाचा, आमिष कुठलं, हे तीन प्रश्न विचारून दोरा ठरतो. आपणही हेच तीन प्रश्न विचारायचे, फक्त उत्तरं आपल्या खाडीची द्यायची.

आपली खाडी, आपला मासा

वाशिष्ठी घ्या, सावित्री घ्या, धरमतरची खाडी घ्या, किंवा गोव्यात मांडवी, जुवारी. पाणी बहुतेक गढूळ. काठाला कांदळवन. जेटीचे खांब, जुने बांध, खडप. आणि या प्रत्येकावर कालवं आणि बारीक धारदार कवचं चिकटलेली. हात लावला तर रक्त येतं, मग ताणलेल्या दोऱ्याचं काय होत असेल!

जिताडा याच आडोशाला दबा धरून बसतो. भरती-ओहोटीच्या प्रवाहात वाहत येणारी कोळंबी, बोयटं यांची वाट बघतो. आमिष जवळ आलं की तोंड झटकन उघडून पाण्यासकट आत ओढतो आणि लगेच वळून आडोशाकडे धावतो. मग पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. याचे दात कापणारे नसतात. तोंडाच्या आत खरखरीत, पॉलिश पेपरसारखं असतं. मात्र कल्ल्यांवरच्या झाकणाची कड सुरीसारखी असते. डोकं झटकताना दोरा त्या कडेवर आला की संपलं. हातात धरतानाही ही कड जपा, बोट चिरतं.

म्हणजे दोऱ्याला तीन शत्रू : खरखरीत तोंड, धारदार कल्ला आणि कालवं. माशाचं वजन हा चौथा शत्रू, आणि बहुतेक वेळा तो सगळ्यांत कमी धोक्याचा. पाच किलोंचा मासा तीस पौंडांचा, म्हणजे साडेतेरा किलो पेलणारा दोरा नुसत्या ओढीनं तोडत नाही. दोरा आधी घासलेला असतो, किंवा गाठ कच्ची असते.

तीन प्रकारचे दोरे

पहिला नायलॉन, म्हणजे आपला तंगूस. अमेरिकेत १९३८ मध्ये नायलॉन जाहीर झालं आणि थोड्याच काळात त्याचा मासेमारीचा दोरा आला. त्याआधी रेशमाचे, तागाचे दोरे वापरत. तंगूस हा एकसंध धागा असतो. तो ताणतो, तुटण्याआधी त्याच्या लांबीच्या वीस-पंचवीस टक्के किंवा त्याहून जास्त. हा ताण धक्का शोषतो, म्हणून नवशिक्याच्या चुका तो पोटात घालतो. गाठ छान धरतो, स्वस्त असतो. तोटे असे की पाणी पितो आणि ओला झाल्यावर थोडा कमजोर होतो, उन्हानं खराब होतो, आणि रीलवर राहून त्याला वळ्या पडतात. लांबवर फेकल्यावर तो इतका ताणतो की माशाचा हलका ठोका हाताला कळतच नाही.

दुसरा फ्लोरोकार्बन. दिसायला तंगुसासारखाच, पण पदार्थ वेगळा. जपानमध्ये १९७१ पासून तो मासेमारीसाठी वापरात आला. याचे गुण तीन. एक, प्रकाश पाण्यात जितका वळतो त्याच्या बराच जवळ तो याच्यात वळतो, म्हणून नायलॉनपेक्षा कमी दिसतो. आकड्यांत सांगायचं तर पाण्याचा अपवर्तनांक १.३३, याचा १.४२ आणि नायलॉनचा साधारण १.५ च्या पुढे. अदृश्य वगैरे काही नसतो, ते जाहिरातीतलं. दोन, तो पाणी पीत नाही, त्यामुळे भिजून कमजोर होत नाही. तीन, तो टणक असतो, घासणं जास्त सोसतो. तोटा म्हणजे महाग, ताठर, आणि गाठ मारताना काळजी घेतली नाही तर गाठीतच तुटतो. म्हणून तो पूर्ण रीलभर भरण्यापेक्षा लीडरला वापरणं शहाणपणाचं.

तिसरा ब्रेडेड, ज्याला दुकानात पीई म्हणतात. पीई म्हणजे पॉलिथिलीन. आपल्या पिशवीचं तेच, पण त्याचे रेणू प्रचंड लांब आणि एका दिशेनं ओढून सरळ केलेले. असे बारीक तंतू चार किंवा आठ पेडांत वेणीसारखे विणतात. त्याच जाडीच्या तंगुसापेक्षा तो कितीतरी मजबूत. ताणतो जेमतेम तीन-पाच टक्के, म्हणून शंभर फुटांवर आमिष खडकाला टेकलं तरी बोटाला कळतं. पाण्यापेक्षा हलका, म्हणून तरंगतो. पण तो अतिशय गुळगुळीत असतो, साध्या गाठी त्यात सरकतात. आणि मुख्य म्हणजे ताणलेला असताना धारदार कडेवर घासला की एक-एक तंतू कापला जातो आणि क्षणात जातो. तंगूस कालवावर घासला तर वरचा पापुद्रा निघतो, आतला गाभा टिकतो. ब्रेडेडला गाभाच नाही, सगळे तंतूच.

आता कळलं ना की दोन्ही का लागतात? रीलवर ब्रेडेड, कारण फेक लांब जाते आणि ठोका कळतो. पुढे लीडर, कारण माशाशी आणि कालवांशी गाठ त्याची आहे.

बंडलावरचे आकडे

बंडलावर पौंड, मिलिमीटर आणि जपानी दोऱ्यावर पीई नंबर असतो. पीई नंबर ताकद सांगत नाही, जाडी सांगतो. पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिलिमीटर, पीई २ म्हणजे ०.२३५, पीई ३ म्हणजे ०.२८५. त्याच पीई २ वर एक कंपनी तीस पौंड लिहील, दुसरी चाळीस. म्हणून आधी जाडी बघा, मग पौंड. बारीक दोऱ्यावर भलतीच ताकद लिहिली असेल तर जाडी किंवा ताकद, दोहोंपैकी एक खोटं आहे.

जाडीचं गणित महत्त्वाचं आहे. वीस पौंडांचा तंगूस साधारण ०.४५ मिलिमीटरचा, वीस पौंडांचा ब्रेडेड त्याच्या निम्म्या जाडीचा. व्यास निम्मा म्हणजे छेद पाव झाला. म्हणून ताकद सारखी असली तरी कालवानं कापायला ब्रेडेडमध्ये पदार्थच फार थोडा असतो. आणि निम्म्या जाडीमुळेच तो प्रवाहात कमी ओढला जातो. एकाच गोष्टीचा फायदाही आणि तोटाही.

खाडीतल्या जिताड्यासाठी मी असं सांगेन : रीलवर पीई २ च्या आसपासचा, खरोखर तीस पौंड देणारा ब्रेडेड, दीडशे ते दोनशे मीटर. त्याच्याखाली, रीलच्या गाभ्यावर, थोडा तंगूस आधी भरा. ब्रेडेड सरळ गुळगुळीत स्पूलवर बांधला तर मासा ओढायला लागला की सगळं भेंडोळं स्पूलवर गरगर फिरतं, आणि आपल्याला वाटतं ड्रॅग सैल आहे. तळाला तंगूस असला की पकड मिळते, शिवाय महागडा दोरा कमी लागतो. खडपात, खांबांत गरवणार असाल तर पीई ३ घ्या.

लीडर : किती जाड, किती लांब

जिताड्यासाठी लीडर चाळीस पौंडांच्या आसपास. उघडी वाळू असेल तर तीस चालेल, जेटीच्या खांबांजवळ पन्नास-साठ. इथे लीडर मुख्य दोऱ्यापेक्षा जाड असतो हे लक्षात घ्या. तो ताकदीसाठी नाही, घासणं सोसण्यासाठी आहे.

गढूळ पाण्यात लीडर दिसतो का? फारसा नाही. म्हणून भरतीच्या गढूळ पाण्यात चांगला जाड तंगूस लीडर म्हणून लावला तरी काही बिघडत नाही, आणि पैसे वाचतात. पृष्ठभागावरच्या आमिषाला तर तंगूसच बरा. पाणी निवळलेलं असेल, भांगाच्या दिवसांत तसं होतं, तेव्हा फ्लोरोकार्बनचे पैसे वसूल होतात.

लांबी साधारण दोन ते चार फूट, उभ्या माणसाचा हात पसरून खांद्यापासून बोटापर्यंत, किंवा त्याहून थोडी जास्त. इतकी असावी की मासा तोंडात आमिष घेऊन वळला तरी कल्ल्याजवळ लीडरच राहील. फार लांब केला तर जोडाची गाठ रॉडच्या कड्यांतून आत-बाहेर होते, प्रत्येक फेकीला आपटते आणि हळूहळू झिजते.

गाठी

आपल्याकडे निरगाठ आणि सुरगाठ हे दोन शब्द आहेत. एक सुटत नाही, एक ओढली की सुटते. मासेमारीत आपल्याला हवी असते ती तिसऱ्या जातीची : ओढली की आणखी आवळते, पण स्वतःच स्वतःला कापत नाही. दोऱ्यात साधी गाठ मारली तर त्याची ताकद निम्म्यापर्यंत येऊ शकते, कारण एका बारीकशा वळणावर सगळा ताण एकवटतो. चांगल्या गाठीत वेढे जास्त असतात, ताण त्यांत थोडा थोडा वाटला जातो. कुठल्याही गाठीचं तत्त्व एवढंच. बाकी सगळा सराव.

दोन नियम सगळ्या गाठींना लागू. गाठ आवळण्याआधी थुंकीनं किंवा पाण्यानं ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणानं तापते आणि दोरा तिथेच करपतो, विशेषतः फ्लोरोकार्बन. आणि झटका न देता सावकाश, सारख्या जोरानं आवळा. वेढे एकमेकांवर चढले तर कापा आणि पुन्हा मारा.

आता चार गाठी. एवढ्या आल्या की आयुष्यभर पुरतात.

पालोमार. ब्रेडेड सरळ गळाला बांधायचा असेल तर ही. दोरा दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवा. त्या दुहेरी दोऱ्याची एक साधी सैल गाठ मारा. पुढे राहिलेल्या फासातून अख्खा गळ आरपार घ्या. ओलं करा, आवळा. नेढ्यात दोरा दुहेरी असतो म्हणून ही मजबूत. अडचण एकच, मोठं आमिष फासातून काढायला त्रास होतो.

युनी. फ्लोरिडातल्या विक डनअवे या लेखकानं ती लोकप्रिय केली. टोक नेढ्यातून ओवून मुख्य दोऱ्याला समांतर मागे आणा. टोक वळवून एक फास करा. फासाच्या आतून दोन्ही दोऱ्यांभोवती पाच-सहा वेढे द्या, जाड लीडर असेल तर तीन-चार पुरे. टोक ओढून वेढे आवळा आणि मग गाठ सरकवत नेढ्यापर्यंत न्या. अंधारातही मारता येते.

न घसरणारा फास. ल्युअरला ही लावा. लीडरच्या टोकापासून वीतभर अंतरावर एक सैल साधी गाठ मारा. टोक नेढ्यातून ओवून परत त्या सैल गाठीतून, ज्या बाजूनं बाहेर आलं त्याच बाजूनं आत घ्या. मुख्य दोऱ्याभोवती तीन-चार वेढे द्या आणि टोक पुन्हा त्याच गाठीतून त्याच बाजूनं काढा. आवळल्यावर नेढ्यापुढे छोटा फास उरतो, त्यात आमिष मोकळं डोलतं. जाड, ताठर लीडर घट्ट बांधला तर आमिषाची चाल मरते, ती यानं वाचते.

एफजी. ब्रेडेड आणि लीडर यांच्या जोडासाठी. ही शिकायला वेळ लागतो, पण लागलाच पाहिजे. लीडर ताठ धरा. ब्रेडेड त्याच्याभोवती एकदा वरून, एकदा खालून असा वेणीसारखा गुंफत जा, वीसेक वेळा. वेढे शेजारी शेजारी, अंतर न सोडता. मग ब्रेडेडच्या टोकानं दोन्हींभोवती एक-दोन अर्ध्या गाठी मारून थांबवा. आता ओलं करून मुख्य ब्रेडेड आणि लीडर विरुद्ध दिशांना जोरात ओढा. ब्रेडेडचा रंग थोडा गडद दिसला की तो लीडरमध्ये रुतला असं समजा. लीडरचं उरलेलं टोक अगदी जवळून कापा, वर आणखी चार-पाच अर्ध्या गाठी मारा. या जोडात लीडरला गाठच नसते. ब्रेडेड त्याला बाहेरून आवळून धरतो, जितकं ओढाल तितकं जास्त. म्हणून जोड बारीक राहतो आणि कड्यांतून सहज जातो.

काठावर, वाऱ्यात, अंधारात एफजी जमत नसेल तर दोन युनी समोरासमोर मारून जोडा. ब्रेडेडचे आठ वेढे, लीडरचे चार. जोड थोडा जाड होतो, पण नीट मारलेली दुहेरी युनी ही घाईत मारलेल्या एफजीपेक्षा केव्हाही चांगली.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी तपासा. एकाच दोऱ्याचा तुकडा घ्या, एका टोकाला एक गाठ, दुसऱ्या टोकाला दुसरी. दोन्हीकडे मजबूत कडी अडकवा, गळ नको. हातमोजे आणि चष्मा घालून सावकाश ओढा. तुटेल ती कमजोर. दहा वेळा करा. तुमच्या हाताला कुठली गाठ बसते ते कळेल, आणि तीच तुमची सर्वोत्तम गाठ. मात्र दोरा ओला करून तपासा, कारण तो पाण्यात वापरायचा आहे. आंतरराष्ट्रीय विक्रम नोंदवणारी आयजीएफए ही संस्थासुद्धा दोरा ओला करूनच तोडून बघते.

कुठे तुटावं, हे आपण ठरवायचं

कितीही काळजी घेतली तरी कधीतरी तुटणारच. प्रश्न असा की कुठे तुटावं? ब्रेडेड मध्येच तुटला तर मासा वीस-तीस मीटर दोरा घेऊन जातो. जोडापाशी तुटला तर फक्त हातभर लीडर. म्हणून जोडाच्या मागचा ब्रेडेड हा सगळ्यांत धडधाकट असला पाहिजे. प्रत्येक माशानंतर, प्रत्येक अडकणुकीनंतर शेवटचे तीन-चार मीटर बोटांच्या चिमटीतून ओढून बघा. कुठे केसाळ लागला, चपटा लागला, की तिथून कापा आणि जोड पुन्हा मारा. लीडरवर नख फिरवा. खरखर लागली की कापा. दोन मिनिटांचा आळस आणि मासा जातो, हे गणित साधं आहे.

ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव ठेवा. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याचा पाव साडेतीन किलोच्या जवळ. घरी मोजायचं तर एक-एक लिटरच्या तीन पाण्यानं भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून दोऱ्याला बांधा आणि उचला. पिशवी जेमतेम उचलून रील दोरा सोडायला लागलं पाहिजे. खांबांजवळ थोडा जास्त ठेवावा लागतो, पण एक तृतीयांशाच्या पुढे नको. ब्रेडेड ताणत नाही, सगळा धक्का गाठीवर, गळावर आणि तुमच्या मनगटावर येतो.

आणि अडकलेला दोरा तोडताना ब्रेडेड हाताला कधीही गुंडाळू नका. तो कातडी नाही, खोल मांस कापतो. जाड काठीला चार वेढे द्या, रॉड बाजूला ठेवा, तोंड वळवा आणि मागे चालत जा. वाशिष्ठीच्या काठच्यांना सांगायला नको, पण आमिष सोडवायला पाण्यात उतरू नका. तिथे मगरी आहेत. आमिष दुसरं मिळतं.

कापलेले तुकडे खिशात घाला. नायलॉन शेकडो वर्षं टिकतो असा अंदाज आहे. बगळ्याच्या पायात गुंतलेला दोरा तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. फ्लोरिडात जेट्यांवर जुना तंगूस टाकायला पीव्हीसी पाइपच्या नळ्या लावलेल्या असतात, गोळा करून त्याचा पुनर्वापर करतात. पाइपचा तुकडा आणि दोन क्लॅम्प, एवढंच साहित्य. आपल्या जेटीवर हे कुणी अडवलेलं नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*आमचे आजोबा जाड तंगूस हातात धरून गरवायचे. रॉड-रील काही नव्हतं. ते चुकीचं होतं का?*

मुळीच नाही, काका. हातगरीला जाड तंगूसच हवा. तो हातात धरता येतो, कापत नाही, आणि रॉडच्या लवचीकपणाचं काम त्याचा ताण करतो. हातगरीला ब्रेडेड लावणं हीच चूक. साधन बदललं की दोरा बदलतो, एवढंच.

*लीडरच्या जागी स्टीलची तार लावली तर कधीच तुटणार नाही ना?*

सुरमईसाठी तार लावा, तिचे दात कात्रीसारखे असतात. जिताड्याला तशी गरज नाही. तार ताठ असते, आमिषाची चाल बिघडते, आणि मुख्य म्हणजे खडपात अडकली तर तुटतच नाही. मग दोरा मागे कुठेतरी तुटतो, तेच आपल्याला टाळायचं आहे.

*दोऱ्याचा रंग कुठला घ्यावा?*

तुम्हाला दिसेल तो. पिवळा, हिरवा, काहीही. दोरा पाण्यात कुठे जातोय, कधी थांबला, हे बघणं तुमचं काम आहे. माशाच्या जवळ लीडर असतो.

*बजेट कमी आहे. एकच गोष्ट चांगली घ्यायची तर कुठली?*

आधी गाठीचा सराव, तो फुकट आहे. मग चांगला ब्रेडेड. लीडरला जाड तंगूस लावा. कात्री चांगली घ्या, दातांनी दोरा तोडू नका.

*मोठा जिताडा मिळाला तर सोडून द्यावा असं म्हणतात. का?*

ताई, चांगला प्रश्न. जिताडा आधी नर असतो आणि वाढत गेल्यावर मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे बहुतेक माद्याच, आणि पावसाळ्याच्या सुमारास त्या खाडीच्या मुखाकडे अंडी घालायला जातात. एक मोठी मादी लाखोंनी अंडी घालते. घरी खायला दोन-तीन किलोंचा मासा पुरतो, चवीलाही तोच बरा. मोठी मादी सोडणार असाल तर गळाचा उलटा काटा आधीच पकडीनं दाबून ठेवा. आणि दोरा पुरेसा मजबूत ठेवा. बारीक दोऱ्यावर अर्धा तास खेळवून दमवलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही. मजबूत दोऱ्यावर तो पाच मिनिटांत काठाला येतो, पोटाखाली ओला हात धरून गळ काढता येतो, आणि तो शेपटी मारून निघून जातो. दोरा नीट निवडण्याचं हेही एक कारण आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं.

वेळ संपली आहे. बाहेर टेबलावर दोऱ्याचे तुकडे आणि जुनी रिंगं ठेवली आहेत. ज्यांना एफजी बसवायची आहे त्यांनी थांबा, हातात दोरा घेऊनच ती शिकता येते.